हर्मान हॉल, त्र्याऐंशी

लोरीन होलुब कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन हर्मान हॉलच्या आवारात पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. लायमन क्रीचचं गाणं चारला होतं, आणि मोठ्या ओकच्या झाडाखालच्या टेबलावर भांडण साडेअकरापासूनच रंगलं होतं. भांडणाचा विषय तीस वर्षांत बदललेला नव्हता. लायमनचा आजवरचा सगळ्यात चांगला कार्यक्रम कोणता, एवढंच त्यांना ठरवायचं होतं, आणि ते काही केल्या ठरत नव्हतं.

ठरणार तरी कसं? ऑर्बिन टीगचं मत एक्क्याण्णव सालच्या ऑस्टिनच्या कार्यक्रमाला, कारण त्या दिवशी लायमन एकटाच गिटार घेऊन बसला होता आणि त्याने एका जुन्या गाण्यात एक नवं कडवं घातलं होतं, जे पुन्हा कधी कुणाच्या कानी पडलं नाही. मेल्बा स्यूचं मत शहाऐंशीला. तेव्हा लायमनचा दुसरा घटस्फोट झाला होता, तिसरं लग्न व्हायचं होतं, आणि त्या मधल्या मोकळ्या काळात त्याने पहिल्या रांगेतल्या मेल्बाकडे बघत अख्खं गाणं म्हटलं होतं. गार्लंड जुन्या कॅसेटी गोळा करणारा. त्याला गाण्यापेक्षा मायक्रोफोन कुठे टांगला होता यात जास्त रस, आणि ज्याची कॅसेट आपल्याकडे नाही तो कार्यक्रम झालाच नाही असं त्याचं साधारण धोरण. बारकाईने पाहिलं तर प्रत्येकाचा आवडता कार्यक्रम तोच होता, जिथे बाकीचे तिघे हजर नव्हते.

त्र्याऐंशीच्या हर्मान हॉलवर मात्र कुणी वाद घालत नसे. हाच हॉल, ऑगस्टची दुपार, लायमन ऐन चाळिशीत, दारू सोडून तीन महिने झालेले. तो त्या दिवशी तीन तास गायला आणि त्याचा सूर काहीतरी वेगळाच लागला होता, असं सगळ्या टेक्सासात बोललं जाई. ऑर्बिनही निघाला होता, पण त्याचा ट्रक वाटेत एका कुरणाशी बंद पडला आणि तो सबंध दुपार गाईंच्या तोंडाकडे बघत बसला. पुढे बायको सोडून गेली तेव्हाही त्याने एवढं मनाला लावून घेतलं नाही. टेबलावर बसणाऱ्यांपैकी त्या दिवशी इथे होती ती एकटी लोरीन, आणि त्यामुळे दर वर्षी कधी ना कधी ऑर्बिन बिअरचा डबा खाली ठेवून म्हणायचा, "सांग गं एकदा, त्र्याऐंशी." आणि लोरीन सांगायची.

ती सांगायचीही झकास. लाल शर्ट, त्यावर विणलेले पांढरे गुलाब. आईची जुनी गिटार, फुटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली. तिसऱ्या गाण्याला त्याने बाहीने डोळे पुसले, सहाव्याला तार तुटली तर गाणं न थांबवता दुसरी चढवली आणि ड्रमवाल्याला डोळा मारला. ऑर्बिन सगळं ऐकून घेई, फक्त शर्टावर अडे. लायमनचे सत्तावन्न फोटो त्याने जमवले होते, एकातही लाल शर्ट नव्हता. लोरीन म्हणे, अठ्ठावन्नावा मिळव. हा वाद तीस वर्षं चालला होता.

आता खरी गोष्ट अशी की लोरीन त्या दिवशी हॉलच्या आत नव्हतीच.

तिला सातवा महिना होता, डॉयलने घरून निघायला उशीर केला, आणि ते दारात पोचले तेव्हा तिकिटं संपली होती. लोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉयलने एक शब्द न बोलता ट्रक उलटा घेऊन हॉलच्या भिंतीला लावला, मागच्या हौद्यात गोधडीची घडी करून तिला बसवलं, स्वतः बर्फाच्या पेटीवर उभा राहिला आणि काठीने टेकवलेल्या लाकडी झडपेखालून आत डोकावून जे जे दिसेल ते तिला सांगत राहिला. गाणं बाहेर छान ऐकू येत होतं. बाकीचं सगळं डॉयलच्या तोंडून. अकरा वर्षांनी ती या टेबलावर नवी आली, ऑर्बिनने वही काढून विचारलं की कुठकुठले कार्यक्रम पाहिलेत, तेव्हा ती त्र्याऐंशीचा हर्मान हॉल बोलून गेली. तिघांचे चेहरे असे उजळले की मग "पण बाहेरून" हे दोन शब्द तिच्या घशातच राहिले. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीस वर्षं गेली.

वहीबद्दलही सांगायला हवं. ऑर्बिनचं सगळं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं. निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासून त्याने माणसंही मोजायला घेतली होती. कुणी किती कार्यक्रम पाहिले याची वही त्याच्याकडे, आणि त्याचे नियम सरकारी कचेरीला लाजवतील असे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, हॉलच्या आत. उशिरा आलात, बाद. मधेच उठलात, बाद. गार्लंडचा एक कार्यक्रम मुतखड्याची कळ आल्याने शेवटच्या दोन गाण्यांसाठी बाद झाला होता आणि ऑर्बिनने त्याला इस्पितळात भेटायला जाऊन ते कळवलं होतं. बाहेरून ऐकलेलं तर त्याच्या हिशेबी रेडिओ ऐकण्यात जमा.

ज्याचे शंभर भरत, त्याच्यासाठी टेबलाची एक पद्धत होती. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्याची. बाकीच्यांनी टोप्या काढून उभं राहून त्याला बसवायचं. लायमनला आधी चिठ्ठी जाई, तो मंचावरून नाव घेई आणि विचारी की तुझ्यासाठी काय गाऊ. ऑर्बिनचे शंभर कधीच झाले होते, मेल्बाचेही. आज लोरीनचा शंभरावा होता. आणि शेवटचाही, कारण एक्क्याऐंशी वर्षांच्या लायमनला डॉक्टरांनी आणि चौथ्या बायकोने मिळून घरी बसवायचं ठरवलं होतं, आणि हर्मान हॉलचा आजचा कार्यक्रम हा त्याचा निरोपाचा. त्र्याऐंशी धरून शंभर, त्र्याऐंशी वगळून नव्याण्णव, आणि पुढे मोजायला काही नाही. लोरीनने आठवडाभर हे गणित डोक्यात केलं होतं आणि दर वेळी उत्तर तेच आलं होतं. शेवटी तिने ठरवलं की एकोणसत्तराव्या वर्षी आपण ही खुर्ची घ्यायची आणि गप्प बसायचं.

"बस," गार्लंड तिला म्हणाला. तो कानापर्यंत हसत होता. "गोळी घेतलीयस ना सकाळची?"

"का? मारतोस की काय?"

गार्लंडने खिशातून एक पिवळी पडलेली कॅसेट काढून कोलाच्यांच्या डब्यावर ठेवली. मागच्या महिन्यात एका गेलेल्या म्हाताऱ्याच्या घरची विक्री होती, तिथे त्याने खोकंभर कॅसेटी उचलल्या होत्या. हिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: हर्मान, ऑगस्ट त्र्याऐंशी. ऑर्बिनला हे साडेअकरापासून माहीत होतं, तरी त्याने ती उचलून पुन्हा दोन्ही बाजूंनी बघितली. मेल्बाने लोरीनच्या पाठीत प्रेमाने एक धपाटा घातला. तुझी त्र्याऐंशी आता आम्हीही ऐकणार, ती म्हणाली, आणि लोरीनने हसल्यासारखं केलं.

कॅसेट जपून ठेवायची म्हणून गार्लंडने ती आधीच फोनवर उतरवून घेतली होती. त्याने स्वतःही पहिली दहा मिनिटंच ऐकली होती, बाकीची सगळ्यांबरोबर ऐकायची म्हणून राखून ठेवली होती. त्याने ट्रकचं मागचं फळकुट पाडलं, स्पीकर जोडला, आणि आधीच सांगून टाकलं की हिच्यात एक खोट आहे.

खरखर झाली, टाळ्या आल्या, ड्रम वाजला. मग लायमनच्या पहिल्या ओळीच्या उरावर बसून एक पुरुषी आवाज बोलला, "आला. आला बघ."

खालून कुठूनतरी एक बाई अस्पष्ट काहीतरी म्हणाली.

"टोपी नाही," तो आवाज म्हणाला. "केस वाढलेत. बारीक झालाय."

"हा कोण गाढव?" मेल्बा म्हणाली.

या लोकांत खून माफ होता, पण गाणं चालू असताना बोलणं नाही. आणि त्यांतही सगळ्यात कडक होती लोरीन. दोन हजार दोन साली तिने पुढच्या रांगेत बडबडणाऱ्या एका माणसाच्या कॉलरमधून मूठभर बर्फ आत सोडला होता, आणि ती गोष्ट अजून सांगितली जाई. मेल्बा आता तिच्याकडे बघत होती, की ही काय शिवी घालते. लोरीनने शिवी घातली नाही. ती टेबलाची कड धरून उभी होती.

तो डॉयल होता. अठ्ठावीस वर्षांचा, घसा कोरडा पडलेला, मधूनच हसू आवरणारा डॉयल. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरच्या फोनवर त्याने भरून ठेवलेला चार शब्दांचा निरोप होता, तो फोन बदलताना पुसला गेला, आणि त्या दिवशी ती दुकानातल्या माणसावर इतकी ओरडली होती की नंतर जाऊन माफी मागावी लागली. डॉयलचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि आता तो तिच्यापासून हातभरावर बोलत होता आणि मेल्बा त्याला गाढव म्हणत होती.

बाकीच्यांनी आवाज ओळखला नाही यात त्यांचा दोष नव्हता. डॉयलला ते एकोणीस वर्षं बघत आले होते, पण ऐकलं होतं फारच थोडं. त्याला ही गाणी विशेष आवडत नसत. तो लोरीनला घेऊन यायचा, सगळ्यांच्या बर्फाच्या पेट्या ट्रकमधून उतरवून द्यायचा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ट्रकमध्ये बसून रेडिओवर बेसबॉल ऐकायचा. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द काढायला पकड लागायची. घरी अंथरुणावर पडल्यावर तो इतका बोलायचा की लोरीनला झोप लागायची ती त्याच्या वाक्याच्या मधे, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

"लाल शर्ट आहे," स्पीकरमधून डॉयल म्हणाला. "त्यावर गुलाब. पांढरे."

ऑर्बिनने एकदम हात वर केला. गार्लंडने थांबवून ते पुन्हा लावलं. लाल शर्ट, गुलाब, पांढरे. ऑर्बिन उठून उभा राहिला, त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरली. जमीन मोजताना चूक झाली तर तो असाच मालकाच्या दारात जाऊन उभा राहायचा म्हणे.

"लोरीन," तो म्हणाला, "तीस वर्षं मी तुला खोटं पाडलं. चुकलो मी. शर्ट लालच होता."

मेल्बाने टाळ्या वाजवल्या. गार्लंड म्हणाला की बडबड्याचा निदान एवढा तरी उपयोग झाला. लोरीनने मान खाली घातली, आणि ती गहिवरली असं समजून सगळे तिच्यावर जास्तच खूश झाले.

"आता मजा बघा," गार्लंड म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरवर असं काहीतरी होतं की गाणं एका बाजूला आणि बोलणं दुसऱ्या बाजूला होतं. ते यंत्र आपलं आपण चाळून घेतं, आपण ऐकतही बसायला नको. पहिल्या मिनिटाचा नमुना त्याने करून आणला होता. खरखर, टाळ्या, ड्रम, आणि लायमनचा तरुण स्वच्छ आवाज. "आला बघ" जिथे होतं तिथे आता नुसती गिटार होती. ऑर्बिनने डोळे मिटून घेतले. मेल्बा म्हणाली, वा. सबंध कॅसेट अशी धुऊन काढतो आणि मगच वाटतो, गार्लंड म्हणाला, तो घाणेरडा माल आपल्याकडे ठेवायचाही नाही.

लोरीन गार्लंडला बाजूला घेऊन गेली. गाण्यांचा क्रम लिहून काढायचाय, तिने सांगितलं, म्हणून मला आहे तशीच दे, न धुतलेली. गार्लंडला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने दोन वेळा बोट दाबलं आणि ती तिच्या फोनवर आली. इतकं सोपं होतं ते. तिच्याकडे डॉयल आला, बाकीच्यांकडे गाणं राहणार, शर्ट लाल ठरला, खुर्ची पक्की झाली. कुणाचं काही बिघडलं नाही. चुलीवरून धुरात शिजलेलं मांस आणायला सगळे रांगेत गेले, तेव्हा ती डोकं दुखतंय म्हणून आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसली आणि कानात तारा घालून ऐकू लागली.

ती हसत ऐकत होती. "आईची गिटार असणार ती, चिकटपट्टी लावलीय बघ." "डोळे पुसतोय गं." आणि खालून तिचा स्वतःचा आवाज, चिमणीसारखा, खरंच? कुठल्या हाताने? तिला त्या मुलीची दयाही आली आणि हेवाही वाटला. सहाव्या गाण्याच्या आधी ती मुलगी म्हणाली की मी जाऊन येते, सातव्या महिन्यात दर अर्ध्या तासाला जावंच लागायचं, आणि डॉयल म्हणाला, जप, पायरी आहे.

मग तिसराच एक आवाज आला, अगदी जवळून. ज्याने हे टेप केलं तोच असणार. तोही बाहेरच राहिलेला, शेजारच्या ट्रकवर.

"काय हो, तुम्हाला तिथून एवढं काय काय दिसतं?"

"पंखा," डॉयल म्हणाला.

"काय?"

"खिडकीत भलामोठा पंखा बसवलाय. तो फिरतोय. त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही."

"मग तुम्ही हे शर्ट, गुलाब..."

"लाल रंग तिला आवडतो," डॉयल म्हणाला. "तीन महिने वाट बघत होती हो ती. माझ्यामुळे उशीर झाला. तुम्ही तिला काही बोलू नका."

मग पावलं वाजली, ट्रकचा हौदा कुरकुरला, आणि चिमणीच्या आवाजात लोरीनने विचारलं, काही झालं का मधे? झालं ना, डॉयल म्हणाला, तार तुटली त्याची. गाता गाता दुसरी चढवली, आणि ड्रमवाल्याला डोळा मारला.

लोरीनने कानातल्या तारा काढल्या. आधी तिला हसू आलं, इतकं की तिने तोंडावर हात दाबला, आणि मग त्याच हाताखाली ती रडायला लागली. जाईपर्यंत, तीस वर्षं, त्याने तिला सांगितलं नव्हतं. ती जेव्हा जेव्हा या टेबलावर तो शर्ट रंगवून सांगत होती, ऑर्बिनशी तावातावाने भांडत होती, तेव्हा तो पन्नास पावलांवर ट्रकमध्ये बसून बेसबॉल ऐकत होता आणि गप्प होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला तो इतका हवासा वाटला की छातीत दुखलं.

ती परत टेबलाशी आली तेव्हा ताटं वाढलेली होती आणि पावणेचार व्हायला आले होते. हॉलच्या झडपा वर टेकवल्या जात होत्या. ऑर्बिनने तोवर लाल शर्टाची बातमी शेजारच्या तीन टेबलांना सांगून टाकली होती, आणि तीही माणसं बिअरचे डबे घेऊन येऊन उभी राहिली होती. वही उघडी होती. शंभराव्या ओळीवर ऑर्बिनने आजची तारीख आधीच टोकदार पेन्सिलीने लिहून ठेवली होती, जे त्याने आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

"आपल्यात बोलणारे पुष्कळ," ऑर्बिन डबा उंचावून म्हणाला. "पण त्र्याऐंशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस एकच. लोरीनच्या नावाने."

"आणि त्या बडबड्याच्या तोंडात बोळा," मेल्बा म्हणाली, आणि सगळे हसले.

लोरीनने डबा उचलला नाही. तो घोट घेतला की सगळं पार पडणार होतं. पण त्या हसण्यावर तिला हसता येईना. डॉयल तिच्यासाठी पेटीवर टाचा उंच करून तीन तास उभा होता, नंतर आठवडाभर त्याची मान धरली होती, आणि त्याला गाढव म्हणत असताना तिने शेजारी उभं राहून गप्प बसायचं, एका खुर्चीसाठी.

"त्याला काही बोलू नकोस, मेल्बा," ती म्हणाली. "तो डॉयल आहे."

कुणाला कळेना. कुठला डॉयल, गार्लंडने विचारलं.

"माझा डॉयल. आणि खाली बसून खरंच का, खरंच का विचारणारी ती बया मी आहे. आम्हाला तिकीट मिळालं नव्हतं. आम्ही बाहेर होतो, त्या तिसऱ्या खिडकीखाली. मी आतमध्ये कधी पाय ठेवलाच नाही."

मग तिने सगळं सांगितलं, पंख्यासकट. पंख्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली की शर्ट लाल नव्हता, निदान कुणी पाहिला तरी नव्हता, तेव्हा ऑर्बिनने आपली माफी परत घ्यावी. शेजारच्या टेबलांवरची माणसं हळूच आपल्या जागी गेली. मेल्बाचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने लोरीनचा हात धरला, आणि आपल्या ताटातला सगळ्यात चांगला तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला.

"मी काही धूत नाही ती कॅसेट," गार्लंड म्हणाला. "आहे तशीच राहू दे."

ऑर्बिन वहीकडे बघत होता. मेल्बाने त्याला कोपराने ढोसलं आणि ती हलक्या आवाजात म्हणाली की आज तरी जरा माणसासारखा वाग. तो जागचा हलला नाही. लोरीनने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, पानं मागे उलटली, त्र्याऐंशीच्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली आणि मग शंभराच्या जागी नव्याण्णव केलं. खुर्ची गेली. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, पण वाटलं.

"हॉलच्या आत," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"हो," ऑर्बिन म्हणाला. आत बेस गिटार जुळवत होते, लोक उठायला लागले होते. तो उठला नाही. "आम्ही तीस वर्षं तुझी त्र्याऐंशी ऐकतोय, लोरीन. मला सगळी पाठ आहे. मला वाटायचं मी लायमनचं ऐकतोय." त्याने चष्मा काढून पुसला. "मग आम्ही ऐकत होतो ते कोणाचं?"

"डॉयलचं," लोरीन म्हणाली.